यंत्रयुग आणि आपली तलावाखालची शेती

(समाजाच्या वार्षिक अधिवेशनात दिलेले व्याख्यान)



यंत्रयुगात शेती कशी पालटली या विषयावर अधिवेशनात काही विचार मांडावेत, अशी चालकांची इच्छा आम्हांस कळविण्यात आली, तेव्हा आम्ही ती आनंदाने मान्य केली. विषय फार विस्तृत आहे. इंग्लंडात अठराव्या शतकात वाफेचे यंत्र आले, गावोगावच्या सामाईक कुरणांना कुंपणे पडली आणि कसणारी माणसे गिरण्यांच्या शहरांकडे निघाली, हा इतिहास आपली मुले शाळेत शिकतात. पंजाबात कालवे, विहिरींवरचे पंप आणि १९६० नंतरच्या दशकात आलेले ठेंगणे गहू यांनी शेतीचे रूप बदलले, हेही वर्तमानपत्र वाचणाऱ्यास ठाऊक असते. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यात, आपल्या साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या भागांत हे युग कोणत्या वाटेने आले, त्याने आपणांस काय दिले आणि आपल्या हातून काय सुटले, याचा हिशेब आपल्या घरांत क्वचितच मांडला जातो. तो आज थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

यंत्राची निंदा करण्यासाठी आम्ही येथे उभे राहिलेलो नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. जुने ते सारे सोने, ही भाषा आम्हांस मान्य नाही. चिखलात कमरेतून वाकून दिवसभर रोवणी करणाऱ्या बायकांची पाठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी तरी ती भाषा बोलू नये. आमचे म्हणणे एवढेच आहे की, या युगाने आपल्या शेतीत जे अनेक बदल घडविले त्यांत नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला हा बदल तुलनेने लहान होय. तलाव राखण्याचे काम साऱ्या गावाचे होते, ते कोणाचेच राहिले नाही, हा सर्वांत मोठा बदल होय. तो एका दिवसात झाला नाही, कोणी दुष्टाव्याने केला नाही आणि बहुधा होत असताना कोणाच्या ध्यानातही आला नाही. म्हणूनच तो क्रमाने समजून घेणे अवश्य आहे.

आपल्या समाजाची ओळख तलावाशी जोडलेली आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना आपल्या पूर्वजांना या मुलखात आणले, अशी परंपरा सांगते. रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर लिहिलेला ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातही कोहळी म्हणजे तलाव बांधणारे आणि ऊस लावणारे शेतकरी, असेच आपले वर्णन आहे. परंपरेतला कोणता भाग इतिहास आणि कोणता आख्यायिका, हा वाद पंडितांनी करावा. नवेगावचा बांध मात्र आजही डोळ्यांसमोर उभा आहे. तो अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या पाळींनी जोडून पाणी अडविण्याची ती योजना आजच्या स्थापत्यशास्त्रज्ञांसही कौतुकास्पद वाटते. त्या भागातील लोक कोलू पाटलांना कोलासूर देव म्हणून पुजतात. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून नवेगाव गोंदिया जिल्ह्यात मोडते. पण जिल्ह्यांच्या सीमा कागदावर असतात, पाण्याच्या नसतात.

येथे एक गोष्ट अभिमानाच्या भरात विसरू नये. तलावाची जागा हेरणारी दृष्टी आपल्या पूर्वजांची असेल, परंतु पाळीवर मातीच्या टोपल्या टाकणारे हात गावातील सर्व जातींचे होते. पाण्यातील मासा, शिंगाडा आणि कमळकाकडी यांवर ढीवर बांधवांचे जीवन चाले. म्हणून तलाव एका जातीचा वारसा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो साऱ्या गावाचा आहे, आणि त्याविषयी आपल्या समाजावर थोडे अधिक उत्तरदायित्व आहे, एवढेच आम्ही म्हणू.

हे तलाव कसे चालत, हे तरुण पिढीस सांगितले पाहिजे. पाऊस आपल्याकडे कमी नाही. वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पडतो. परंतु तो चार महिन्यांत पडून जातो, आणि धानाला निसवण्याच्या वेळी, भाद्रपदाच्या शेवटी वा आश्विनात, नेमकी ओढ दिली की उभे पीक हातचे जाते. तलाव होता तो त्या पंधरा-वीस दिवसांसाठी. मातीची पाळ, पाणी सोडण्याचे तुडूम, जादा पाणी वाहून नेणारी सलंग आणि बांध्यांपर्यंत जाणारी नहर, एवढीच त्याची रचना असे. वरच्या तलावाच्या सलंगीचे पाणी खालच्या तलावात आणि तेथून त्याखालच्या बोडीत जाई. त्यामुळे एका नाल्याचे पाणी अनेक गावांच्या उपयोगी पडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. सरकारी दप्तरात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि लोकांनी त्याचे मामा तलाव असे सुटसुटीत रूप केले आहे.

या रचनेचा प्राण गाळात होता. दर उन्हाळ्यात पाणी आटले की गावकरी बैलगाड्या जुंपून तलावाच्या पोटातील काळी माती काढीत आणि आपापल्या बांध्यांत नेऊन टाकीत. ती माती म्हणजे खत होते. शेतकरी गाळ नेई तो तलावावर उपकार म्हणून नव्हे, आपल्या धानासाठी नेई. परंतु त्यामुळे तलाव आपोआप खोल राही. स्वार्थ आणि सामाईक हित एकाच गाडीतून वाहिले जात. समाजबंधूंनो, पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

आता यंत्रयुगाकडे वळू. नागपूरचे राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केले, आणि १८६० नंतरच्या बंदोबस्तात गावच्या पाटलांना मालगुजार म्हणून जमिनीचे मालकीहक्क मिळाले. त्यानंतर लवकरच रेल्वे आली. नागपूरहून निघालेली मीटर गेज छत्तीसगड रेल्वे तुमसर, गोंदिया मार्गे १८८२ पर्यंत राजनांदगावास पोहोचली. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि तिने हाच मार्ग रुंद करून पुढे बंगालशी जोडला. झाडीपट्टीत पहिले यंत्र आले ते शेतात आले नाही, शेताजवळून गेले. पण त्याची पहिली खूण आपल्याच शेतात उमटली, आणि ती उसावर उमटली.

त्या काळी तलावाखाली धानाबरोबर ऊस होई. लाकडी घाणे फिरत, पुढे लोखंडी चरक आले, आणि चुलाणावरच्या गुळाला दूरवर मागणी असे. उसाला बारा महिने पाणी लागते. त्यामुळे ऊस लावणाऱ्याचे लक्ष तलावाकडे बारा महिने असे. रेल्वेने उत्तर हिंदुस्थानातला स्वस्त गूळ मध्य प्रांताच्या बाजारात आणून ओतला, तेव्हा आपल्या गुळाचा भाव टिकेना. ऊस हळूहळू मागे सरला आणि तलावाच्या पाण्यावर जवळजवळ केवळ धान उरले. आता तलावाची आठवण वर्षातून पंधरा दिवस होऊ लागली. पुढे मोहाडी तालुक्यात देव्हाडा येथे साखर कारखाना उभा राहिला आणि ऊस पुन्हा दिसू लागला. पण तो बहुतांशी विहिरीच्या आणि विंधन विहिरीच्या पाण्यावरचा होता. तलावाशी जुळलेली जुनी उसाची शेती परत आली नाही.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत हादरला. त्यानंतर सरकारने पाटबंधाऱ्यांचा विचार हाती घेतला. १९०१ ते १९०३ या काळात नेमलेल्या इरिगेशन कमिशनने हिंदुस्थानभर पाहणी केली, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत आपल्या भागात सरकारी जलाशय बांधले गेले. रामटेकचा खिंडसी तलाव १९१३ चा आहे. गोंदियाकडील बोदलकसा आणि चोरखमारा हेही त्याच पिढीचे. ही कामे उपयुक्त होती यात शंका नाही. परंतु त्यांच्यासमवेत एक नवा विचार गावात शिरला. पाणी पुरविणे हे सरकारचे काम, आणि आपले काम ते मागण्याचे. तो विचार तेव्हा लहान होता. पुढे तो वाढला.

त्याच सुमारास तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. शेतीच्या रिकाम्या दिवसांत मजुरी शोधणाऱ्या माणसाला प्रथमच रोजच्या रोज रोख मजुरी मिळू लागली. तुमसर आणि गोंदिया येथे धानाच्या गिरण्या निघाल्या. त्यापूर्वी घरोघरी ढेकीवर आणि मुसळाने कांडप होई. गिरणीने बायकांचे ते कष्ट वाचविले, हे मोठे पुण्यकर्म झाले. त्याच वेळी कांडणावर पोट भरणाऱ्या गरीब बायकांचे काम गेले, आणि जो शेतकरी पूर्वी तांदूळ विकी तो आता ओला-सुका धान व्यापाऱ्याच्या काट्यावर घालू लागला. पिकातला जो भाग नफ्याचा तो गिरणीच्या आवारात राहू लागला. यंत्राच्या प्रत्येक देणगीबरोबर अशी एक वजाबाकी आली आहे, आणि दोन्ही आकडे मांडल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारने १९५० साली मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा केला, आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. आपल्यापैकी कित्येक घराण्यांच्या वाड्यांत या कायद्याविषयी अजून हळहळ व्यक्त होते. आम्ही स्पष्ट बोलतो त्याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. मालगुजारीत सारेच काही चांगले नव्हते. वेठ होती, कुळांवर जबरदस्ती होती, आणि तुडूम कोणासाठी आधी उघडावयाचे हे पुष्कळदा मालगुजाराच्या मर्जीवर ठरे. ती व्यवस्था गेली हे न्यायाचे झाले. परंतु कायद्याने मालकाबरोबर तलावाचा रखवालदारही गेला. त्याच्या जागी कोण येणार, याचा पुरेसा विचार झाला नाही. तलाव सरकारजमा झाले. गावकऱ्यांचे पाण्यावरचे जुने हक्क वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रकात नोंदले होते, ते हक्क म्हणून राहिले. पण हक्कासोबत जी कर्तव्ये रूढीने पाळली जात होती ती कोणत्याच कागदावर नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. हजारो तलाव आणि मोजके कर्मचारी, असा तो संसार होता. गावातला माणूस म्हणू लागला की तलाव सरकारचा, आणि सरकारी माणूस म्हणू लागला की पाणी गावाचे. पाळीला भगदाड पडले की दोघेही एकमेकांकडे पाहू लागले.

याच वेळी शेतात रासायनिक खताचे पोते आले. १९६६ साली फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय संस्थेने आय. आर. ८ हे धानाचे ठेंगणे वाण प्रसिद्ध केले, आणि १९६८ मध्ये आपल्या देशात जया हे वाण आले. ही वाणे खताला भरभरून दाद देत. धानाचे उत्पन्न वाढले आणि ज्या घरांत उन्हाळ्यात धान्याचे कणगे रिकामे होत तेथे वर्षभराची बेगमी होऊ लागली. हा लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण मघाशी सांगितलेली गाळाची गोष्ट आता आठवावी. युरियाचे पोते सायकलवरून शेतात जाते. तेवढ्याच गुणासाठी गाळाच्या कितीतरी गाड्या लागतात. शहाणा शेतकरी पोतेच घेणार. त्याने ते घेतले आणि उन्हाळ्यात तलावाकडे जाणाऱ्या गाड्या थांबल्या. गाड्या थांबल्या म्हणून गाळ साचला, गाळ साचला म्हणून तलाव उथळ झाला. उथळ तलावाचे पाणी आश्विनापर्यंत पुरेना, म्हणून ज्याला शक्य होते त्याने विहीर खणून पंप बसविला. ज्याचा पंप बसला त्याचे तलावात काही अडकले नाही. काठाची कोरडी जमीन कोणीतरी नांगरून घेतली, उरलेल्या पोटात बेशरमची झुडपे माजली. या साखळीत प्रत्येक कडीला प्रत्येक माणूस आपापल्या परीने शहाणपणानेच वागला आहे, आणि शेवटी गावाचा तलाव गेला आहे.

इंग्लंडातील सामाईक कुरणे कुंपण घालून गेली, असे आम्ही आरंभी म्हटले. तेथे निदान कुंपण डोळ्यांना दिसत होते, त्याविरुद्ध लोक उभे राहू शकत होते. आपले सामाईक पाणी कोणी कुंपण न घालताच गेले. एकेक गाडी कमी होत ते गेले.

साखळीच्या पुढच्या कड्या आपल्या पिढीच्या समोरच्या आहेत. ट्रॅक्टरने चिखलणी होऊ लागली, मळणी यंत्राने खळ्यावरची बैलांची दावण संपविली, आणि आता साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी कापणी यंत्रे ओल्या बांधीतही उतरतात. मजूर मिळत नसताना ही यंत्रे नसती तर धान बांधीतच झडला असता. तथापि दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडे उभ्या धानात कापणीपूर्वी लाखोरी आणि जवस फेकण्याची उतेऱ्याची रीत आहे. जमिनीतल्या उरल्या ओलीवर, एक थेंबही पाणी न देता, घराला डाळ आणि तेल मिळे. जड यंत्र त्या कोवळ्या रोपांवरून जाते तेव्हा उतेरा चिरडला जातो. दुसरे असे की, यंत्राने कापलेल्या धानाची तणस पूर्वीसारखी हाती येत नाही. तणस नाही म्हणून गुरे कमी, गुरे कमी म्हणून शेणखत कमी, आणि शेणखत कमी म्हणून पुन्हा पोत्याची संख्या वाढती. यंत्र घेण्यापूर्वी हा हिशेब केला तर यंत्राचा वापर केव्हा, कोठे आणि किती करावा हे आपण ठरवू शकू. आज ते यंत्राच्या भाड्याचा दर ठरवितो.

येथे एक आशेचा दाखला देणे योग्य होईल. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथील दादाजी खोब्रागडे हे दीडेक एकराचे शेतकरी. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, वर्षानुवर्षे पेरून त्यांनी एक बारीक, चवदार आणि भरघोस वाण सिद्ध केले. बाजारात त्याला नाव मिळाले ते त्या काळी लोकप्रिय असलेल्या एच. एम. टी. घड्याळाचे. कारखान्यात बनलेल्या घड्याळाचे नाव शेतात जन्मलेल्या धानाला मिळावे, यात या युगाचे सारे चित्र आहे. १९९८ साली पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तेच वाण शुद्ध करून आपल्या नावाने प्रसृत केले. दादाजींना पुढे मानसन्मान लाभले, परंतु ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हाही त्यांची परिस्थिती बेताचीच होती. आम्ही हा दाखला एवढ्यासाठी दिला की, यंत्रयुगात शेतकऱ्याने केवळ दुसऱ्याने दिलेले घ्यावयाचे असते, हा समज खोटा आहे. पाहणारा डोळा आणि दहा वर्षांची चिकाटी असली तर प्रयोगशाळेलाही खेड्याकडे यावे लागते. आपल्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या सुगंधी वाणाची जपणूकही अशाच शेतकऱ्यांनी केलेली आहे.

कारखानदारीने आपल्या घरांत आणखी एक बदल केला. १९६४ साली जवाहरनगरला आयुध निर्माणी सुरू झाली, १९८० नंतर गडेगावला मोटारींचा आणि वरठीला पोलादाचा कारखाना आला. नागपूर तर जवळच आहे. आपले तरुण तेथे गेले, शिकले, घरे बांधली. हे भूषणावह आहे. परंतु घरातली जमीन वाटण्यांनी लहान होत गेली आणि कमावता मुलगा बाहेर गेल्यावर उरलेला तुकडा ठेक्याने दिला गेला. ठेक्याने कसणारा एका हंगामाचा विचार करतो. त्यात त्याचा दोष नाही. पुढल्या वर्षी जमीन हाती राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो तलावाची पाळ कशासाठी बांधील? आणि जमिनीचा मालक तर सणालाच गावी येतो. अशा रीतीने तलावाचा अखेरचा वाली, म्हणजे स्वतः कसणारा मालक, तोही कमी झाला.

काही जण म्हणतील की आता गोसीखुर्द झाले, मामा तलावांची चिंता कशाला? या प्रश्नाला सरळ उत्तर दिले पाहिजे. पवनीजवळ वैनगंगेवरील या धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टरांना पाणी देण्याची ती योजना आहे. पुढे तिला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तिच्यासाठी अनेक गावांनी आपली घरे आणि काळीशार जमीन दिली. त्यांच्या त्यागाला आम्ही येथून वंदन करतो. परंतु भूमिपूजनानंतर पाण्याची वाट पाहण्यात एक पिढी गेली, हे कोणीही अमान्य करणार नाही. शिवाय कालवा उताराने जातो, जेथे उतार नेतो तेथेच जातो. साकोली-लाखनीकडील चढाची बांधी त्याच्या आवाक्यात येत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, मोठ्या नदीच्या पाण्यावर मोठे दावे असतात. तिरोड्याच्या ३३०० मेगावॉटच्या वीजकेंद्राला वैनगंगेचेच पाणी लागते. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळून त्याच जलाशयात येऊन थांबते. वीज हवी, शहरही हवे. पण ज्या पाण्याचे भवितव्य इतक्या ठिकाणी ठरते, त्याच्यावरच सारा संसार टाकणे शहाणपणाचे नाही. गावच्या डोक्यावरचा तलाव लहान आहे, परंतु त्याचे तुडूम कधी उघडावे हे गाव ठरवू शकते.

मग काय करावे? प्रत्येक अधिवेशनात ठराव होतात आणि स्मरणिकेत छापले जातात. आम्ही ठरावाऐवजी चार लहान कामे सुचवितो.

पहिले काम कागदाचे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी बंदोबस्ताचे जुने कागद, नकाशे आणि वाजिब-उल-अर्जाच्या नकला पेट्यांत पडून आहेत. त्या वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी उतरून घ्याव्यात. आपल्या गावचा तलाव किती क्षेत्राचा होता, त्याखाली कोणत्या बांध्या भिजत, सलंगीचे पाणी कोठे जाई, हे लिहून एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. अतिक्रमणाचा वाद कागदावाचून सुटत नाही.

दुसरे काम गाळाचे. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना निघाली. बैलगाडी गेली असेल, पण तिच्या जागी खोदयंत्र आणि ट्रॅक्टरची ट्रॉली आहे. ज्या यंत्रयुगाने तलावाचा गाळ वाढविला, त्याच्याच यंत्राने तो काढता येईल. मात्र एक दक्षता घ्यावी. यंत्राने तलावाचे पोट हवे तसे उकरून मुरूम वर काढला तर पाणी थांबत नाही आणि पाळीचा पायाही ढासळतो. किती खोल काढावयाचे हे जाणत्या माणसाने सांगावे, आणि काढलेला गाळ ठेकेदाराच्या विटांऐवजी लहान शेतकऱ्याच्या बांधीत जावा.

तिसरे काम सोबतीचे. मासेमारीचे ठेके बहुधा ढीवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडे असतात. त्यांना तलावात पाणी उशिरापर्यंत हवे असते, शेतकऱ्याला ते आश्विनात सोडावयाचे असते. यावरून वितुष्ट येते. वस्तुतः तलाव खोल असेल तर दोघांचेही भागते, आणि तो उथळ असेल तर दोघेही बुडतात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढीवर संस्थांबरोबर तलावांतील बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावण्याचे आणि देशी मासे परत आणण्याचे काम केले आहे. ते काम आपल्या मुलांनी जाऊन पाहावे. आपण तलाव बांधणाऱ्यांचे वंशज आहोत, परंतु तलावाच्या पोटात काय जगते याचे ज्ञान ढीवरांच्या घरी आहे. ते शिकण्यात कमीपणा नाही.

चौथे काम बाहेरगावी राहणाऱ्यांचे. ज्यांनी जमीन ठेक्याने दिली आहे त्यांनी ठेक्याच्या रकमेतून दरवर्षी काही भाग पाळीच्या आणि नहरीच्या दुरुस्तीसाठी गावात ठेवावा. आणि शक्य तेथे एका हंगामाऐवजी काही वर्षांसाठी जमीन द्यावी, म्हणजे कसणाऱ्यालाही तलावाकडे पाहण्याचे कारण राहील. आपला समाज लग्नकार्यांत जो खर्च करतो त्याच्या मानाने ही रक्कम नगण्य होय.

समाजबंधूंनो, ऊस गेला, ढेकी गेली, मालगुजारी गेली, बैलांची दावण जवळजवळ गेली. यांतील पुष्कळ गोष्टी जाणे अटळ होते आणि काहींचे जाणे इष्टही होते. त्यांच्यासाठी रडत बसण्याचे कारण नाही. तलाव मात्र त्या यादीत घालू नये. कारण ढेकीची जागा गिरणीने घेतली, बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली, पण आश्विनात पाणी देणाऱ्या तलावाची जागा घेणारे यंत्र अजून निघालेले नाही. विंधन विहिरीचा पंप पाणी उपसतो, पाणी मुरवीत नाही. पंपाच्या पाण्याचा उगमही शेवटी मुरलेल्या पाण्यातच आहे, आणि ते मुरविणारा तलावच होय.

पाऊस आता पूर्वीसारखा नेमाने येत नाही, हा अनुभव आपण सारेच घेत आहोत. चार दिवसांत महिन्याचा पाऊस पडतो आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडे राहते. अशा दिवसांत पाणी अडवून ठेवण्याची कला जुनी झालेली नसते. तिची गरज वाढलेली असते. ती कला आपल्या पूर्वजांना अवगत होती म्हणून आपण अभिमान बाळगतो. आपल्या नातवंडांना ती अवगत राहिली तरच त्या अभिमानाला अर्थ राहील.